कळकलेलं पाणी आणि समुद्री शेवाळ: जड धातूंचा परिणाम पुण्यातल्या प्रयोगशाळेत कसा मोजायचा

सलग तीन आठवडे आमचा कंट्रोलच वाढत नव्हता. तांबं घातलेल्या फ्लास्कांतलं शेवाळ मरणार हे धरूनच चाललो होतो, पण ज्या फ्लास्कांत काहीच घातलं नव्हतं तेही चौथ्या दिवशी तितकेच फिकट दिसायचे. प्रयोग करणारी विद्यार्थिनी रडवेली झाली होती. दिवे बदलून पाहिले, कल्चर (प्रयोगशाळेत जोपासलेलं शेवाळ) बदललं, मीठ बदललं. शेवटी एका सकाळी डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राची तोटी बोट घालून पुसली, तर बोटाला हिरवट कीट लागलं. तोटी पितळेची होती. माझी आजी तिथे असती तर तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, "अरे, पाणी कळकलंय."

पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली आणि त्यात ताक किंवा आमटी राहिली की ती कळकते, हे आपल्याकडे घरोघरी माहीत होतं. आंबट पदार्थ तांबं सोडवून घेतो आणि जिभेला ते लगेच कळतं. तांबट आळीतून आणलेलं भांडं कल्हईवाल्याकडे न्यायचं ते याचसाठी. समुद्रातल्या एकपेशीय शेवाळाची जीभ आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते. आपल्याला चव लागणार नाही इतक्या तांब्यानं त्याची वाढ थांबते. म्हणून या प्रयोगातली निम्मी मेहनत नको असलेला धातू बाहेर ठेवण्यात जाते. उरलेली निम्मी, आपण घातलेल्यापैकी शेवाळापर्यंत खरोखर किती पोचला ते ओळखण्यात.

वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी. प्रकल्पासाठी हा विषय घेणाऱ्यांकरता ही कृती लिहितो आहे. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षालाही जमेल. सूक्ष्मदर्शक, स्पेक्ट्रोफोटोमीटर, सेंट्रिफ्यूज, एसीची एक खोली आणि धीर एवढं लागतं.

पुण्यात बसून समुद्राचा विषय कशाला

हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो, म्हणून आधी उत्तर देतो. पुण्याचं पाणी समुद्रालाच जातं, फक्त जवळच्या नाही. सह्याद्रीपलीकडे अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, पण मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी सगळ्या पूर्वेला वळतात, भीमेला मिळतात, भीमा उजनीच्या धरणात थबकते, पुढे कृष्णेत जाते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. भोसरी-चाकणच्या बाजूला धातूवर मुलामा देण्याची कामं चालतात, शहरभर गॅरेजं आहेत, बॅटऱ्या फुटतात, ब्रेक झिजतात. यातला जो धातू पाण्यात उतरतो त्यातला बराचसा गाळाला चिकटून धरणात बसतो. उरलेला प्रवास करत राहतो. धातू कुजत नाही, जागा आणि रूप बदलतो एवढंच.

आणि शेवाळच का? कारण अन्नसाखळीत धातू शिरतो तो याच दारातून. मिनामाता उपसागराकाठची माणसं १९५६ साली आजारी पडलेली उघडकीला आली, ती मासे आणि शिंपले खाऊन. पण पाण्यातून सूक्ष्म शेवाळात जाताना मिथिल-मर्क्युरीची, म्हणजे तिथल्या पाऱ्याच्या त्या विषारी संयुगाची, दाटी जेवढी वाढते, तेवढी पुढच्या कुठल्याही एका पायरीवर वाढत नाही.

पहिल्या प्रयोगाला मात्र पारा घेऊ नका. शिसंही नको, ते फॉस्फेट आणि कार्बोनेटबरोबर साका होऊन तळाशी बसतं. तांबं घ्या. कॉपर सल्फेट स्वस्त आहे, पाण्यात नीट विरघळतं, मोजायला सोपं आहे आणि समुद्राच्या दृष्टीनं आजचंही आहे. होड्यांच्या बुडाला शिंपले-शेवाळ चिकटू नये म्हणून जो रंग लावतात त्यात पूर्वी ट्रायब्युटाइल टिन असायचं. त्यावरचा आंतरराष्ट्रीय बंदीचा करार २००८ साली अमलात आला आणि आता अशा रंगांत मुख्यतः तांब्याचीच संयुगं असतात.

पेशीत काय होतं, थोडक्यात पण नीट

तांबं विष आहे असं सरसकट लिहू नका. प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या प्लास्टोसायनिनमध्ये तांबंच असतं. अगदी थोडं हवंच. गरजेपेक्षा जास्त झालं की ते भलत्या जागा अडवतं. प्रथिनांतल्या गंधकाच्या टोकांना चिकटतं, फोटोसिस्टिम-२ मध्ये इलेक्ट्रॉनचा रस्ता बंद करतं, क्लोरोफिलमधल्या मॅग्नेशियमची जागा घेतं. शिवाय एका रूपातून दुसऱ्या रूपात ये-जा करताना ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार करतं, आणि ती पेशीपटलाची स्निग्ध द्रव्यं जाळतात. पेशी गप्प बसत नाही. फायटोचेलॅटिन नावाच्या छोट्या साखळ्या बनवून धातू बांधून टाकते. पण त्यासाठी लागणारं ग्लुटाथायोन संपत आलं की हाच बचाव महाग पडतो.

कॅडमियमची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. ते बहुतेक ठिकाणी झिंकची जागा बळकावून नुकसान करतं. पण थॅलॅसिओसिरा या समुद्री डायटममध्ये (डायटम हाही एकपेशीय शेवाळाचाच एक गट) कॅडमियम वापरून काम करणारं कार्बोनिक अॅनहायड्रेज हे विकर सापडलं आहे. एरवी त्यात झिंक असतं. समुद्राच्या वरच्या थरात झिंकची इतकी चणचण असते की या डायटमनं कॅडमियमही कामाला लावलं. वर्गात हे सांगितलं की मुलं पेन खाली ठेवून ऐकतात, आणि मला वाटतं त्या क्षणाला त्यांना डोसचा अर्थ खरा समजतो.

पहिली पायरी: कोणतं शेवाळ

मी दोन जीव सुचवतो. एक टेट्रासेल्मिस, हिरवं, एकपेशीय, चार कशाभिकांनी, म्हणजे शेपटीसारख्या बारीक धाग्यांनी, पोहणारं. दुसरं उल्व्हा, म्हणजे कोकणातल्या खडकांवर सॅलडच्या पानासारखं पातळ हिरवं पसरतं ते.

टेट्रासेल्मिस कोळंबी आणि शिंपल्यांच्या बीजकेंद्रांत खाद्य म्हणून वाढवतात, त्यामुळे मत्स्य संशोधन संस्थांकडून कल्चर मिळू शकतं. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र जोडा आणि दोन महिने आधी मागा. पोहणारं शेवाळ घेण्याचा मोठा फायदा असा की तांब्याचा पहिला परिणाम काही न मोजताच दिसतो. तासाभरातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरा. कंट्रोलमधल्या पेशी दृष्टिक्षेत्रातून सुळकन निघून जातात. जास्त तांब्यातल्या पेशी जागच्या जागी थरथरतात, काहींच्या कशाभिका गळालेल्या असतात. हे वहीत वेळेसकट लिहा. आकड्यांत न बसणारी ही नोंद पुढे उपयोगी पडते.

दुसरी पायरी: ओहोटी गाठणं

उल्व्हा आणि समुद्राचं पाणी यासाठी कोकणात एक फेरी करावी लागते. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगावमार्गे हरिहरेश्वर-श्रीवर्धनचा पट्टा सोयीचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात पाणी गोडसर होतं आणि घाटही धोक्याचा.

तारीख सुट्टी बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. कोळ्यांचा जुना हिशेब अजून चालतो: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. द्वितीयेला दीड. रात्री दीडला भरती म्हटल्यावर ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेचं उधाणही एक-दोन दिवसांनीच पुरतं जोरात येतं, त्यामुळे द्वितीयेच्या सकाळी खालचे खडक चांगले उघडे पडतात आणि ऊन चढायच्या आत काम उरकतं. हा अंदाज आहे. जाण्यापूर्वी भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक पाहाच. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा.

खडकावर लाटेकडे पाठ करून कधीही वाकायचं नाही. एकानं गोळा करायचं, दुसऱ्यानं फक्त लाट बघत उभं राहायचं. हरिहरेश्वरच्या खडकांनी जीव घेतलेले आहेत, म्हणून हा नियम मी मोडू देत नाही.

पान हातानं किंवा प्लास्टिकच्या चमच्यानं सोडवा, सुरी नको. दहा-बारा पानं पुरतात, अख्खा खडक खरवडू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, तिथून परवानगीशिवाय काहीही आणायचं नाही. पानं तिथल्याच समुद्राच्या पाण्यात हलकेच धुऊन वाळू आणि बारीक गोगलगायी काढा. ओलसर पानं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बर्फाच्या पेटीत, पण बर्फ आणि पिशवी यांच्यामध्ये जाड टॉवेल. पुण्यात पोचल्यावर कुणीतरी प्रेमानं ती नळाखाली धुतो आणि रात्रीत सगळं संपतं, तेव्हा पेटीवर ठळक लिहून ठेवा: नळाचं पाणी नको.

समुद्राचं पाणी धक्का आणि होड्यांपासून दूर भरा, प्लास्टिकच्या कॅनमध्ये. कॅन आधी त्याच पाण्यानं तीनदा खळखळून घ्या. प्रयोगशाळेत ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून थंड आणि अंधारात ठेवा. रिफ्रॅक्टोमीटरनं क्षारता पाहा, साधारण ३० ते ३५ यायला हवी. मत्स्यालयाच्या दुकानातलं समुद्री मीठ वापरायचा मोह होतो. पण त्या मिठांत सूक्ष्म धातू आणि कधीकधी धातू बांधणारी रसायनंही मिसळलेली असतात. कल्चर जपायला ते चालेल, चाचणीला नको.

तिसरी पायरी: काच धुणं

शक्यतो पॉलिकार्बोनेटचे फ्लास्क घ्या, कारण काचेच्या भिंतीला धातू चिकटतो आणि तुमचा डोस परस्पर कमी होतो. काचेचेच असतील तर सगळे एकाच जातीचे हवेत.

साबणानं धुऊन, खळबळून, १० टक्के नायट्रिक आम्लात २४ तास बुडवून ठेवायचे. नऊ भाग पाण्यात एक भाग आम्ल. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा हवा, खिडकी उघडी. नंतर डीआयनाइज्ड पाण्यानं तीन-चार वेळा धुऊन धूळ लागणार नाही असे उपडे ठेवायचे. पिपेटची टोकं, मोजपात्रं, बाटल्यांची झाकणंही याच रांगेतून जायला हवीत. झाकणांचा सगळ्यांना विसर पडतो.

आणि पाणी ज्या यंत्रातून येतं त्याची तोटी, नळी, आतलं वेटोळं बघा. पितळ किंवा तांबं दिसलं तर दुसरीकडून पाणी आणा.

चौथी पायरी: माध्यम

सगळ्यात जास्त प्रकल्प इथे वाया जातात, म्हणून इथे जरा थांबतो.

समुद्री शेवाळ वाढवायला जगभर गिलार्ड आणि रायथर यांचं १९६२ सालचं माध्यम वापरतात, त्याचं आजचं नाव एफ/२. त्यात नायट्रेट, फॉस्फेट, सूक्ष्म धातू, जीवनसत्त्वं आणि ईडीटीए असतं. ईडीटीएचं काम लोह विरघळलेलं ठेवण्याचं. पण तो धातूला खेकड्यासारखा पकडतो आणि लोहावरच थांबत नाही. एफ/२ मध्ये तो लिटरला सुमारे ११.७ मायक्रोमोल असतो. एक रेणू एक अणू पकडतो असं धरलं तर हिशेबानं लिटरमागे जवळपास ७४० मायक्रोग्रॅम तांबं पकडायची त्याची ताकद आहे. म्हणजे तुम्ही १०० मायक्रोग्रॅम तांबं घातलंत, वहीत १०० लिहिलंत, आणि शेवाळाला त्यातलं जवळजवळ काहीच भेटलं नाही. मग निष्कर्ष निघतो की हे शेवाळ तांब्याला दाद देत नाही.

शेवाळाला त्रास देतो तो मुख्यतः मोकळा आयन, म्हणजे कशाशीही न जोडलेला धातूचा कण. एकूण धातू वेगळा आणि मोकळा धातू वेगळा. कॅडमियम समुद्राच्या पाण्यात बहुतेक सगळं क्लोराइडशी जोडलेलं असतं, म्हणून तेवढंच कॅडमियम खाडीच्या कमी खाऱ्या पाण्यात जास्त बाधतं. तांब्याला कार्बोनेट आणि सेंद्रिय द्रव्यं बांधतात.

उपाय सोपा आहे. कल्चर एफ/२ मध्येच वाढवा. चाचणीचं माध्यम वेगळं बनवा: गाळलेलं समुद्राचं पाणी, नायट्रेट, फॉस्फेट, जीवनसत्त्वं. ईडीटीए आणि सूक्ष्म धातूंचं मिश्रण घालू नका. तीन दिवस पेशी आतल्या साठ्यावर काढतात. चाचणीच्या सकाळी कल्चर कमी वेगानं सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी टाका, नव्या माध्यमात पेशी हलकेच मिसळा, हे दोनदा करा. टेट्रासेल्मिस जोरात फिरवलं तर कशाभिका तिथेच तुटतात, म्हणून धुतल्यावर पेशी पोहताहेत ना ते आधी पाहा.

पाचवी पायरी: डोस

कॉपर सल्फेटचे निळे खडे पंचजलीय असतात. रेणुभार २४९.७, त्यात तांबं ६३.५५. म्हणून ०.३९३ ग्रॅम खडे १०० मिलिलिटर डीआयनाइज्ड पाण्यात विरघळवले की लिटरला १ ग्रॅम तांब्याचा स्टॉक, म्हणजे पुढे पातळ करायचं दाट द्रावण, होतो. लेबलवर कॉपर सल्फेट किती ते नको, तांबं किती ते लिहा. या एका गोंधळानं चौपट फरक पडतो.

या स्टॉकचे दोन पातळ स्टॉक करा, एक १०० मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा १० मिलिग्रॅम प्रति लिटर. डोस गुणाकारानं वाढवा: ०, १०, ३२, १००, ३२० आणि १००० मायक्रोग्रॅम प्रति लिटर. फ्लास्कात १०० मिलिलिटर माध्यम धरलं तर १० वाल्या स्टॉकचे ०.१, ०.३२ आणि १ मिलिलिटर तांब्याच्या पहिल्या तीन डोसांना, आणि १०० वाल्या स्टॉकचे ०.३२ आणि १ मिलिलिटर पुढच्या दोघांना. सगळं १० वाल्या स्टॉकमधूनच करायला गेलात तर शेवटच्या फ्लास्कात १० मिलिलिटर गोडं पाणी जाईल आणि क्षारता दहा टक्क्यांनी उतरेल. मग शेवाळ तांब्यानं थांबलं की गोड्या पाण्यानं, कसं सांगणार? प्रत्येक फ्लास्कात एकूण गोडं पाणी सारखंच पडेल असं पाहा, कंट्रोलमध्येही १ मिलिलिटर साधं डीआयनाइज्ड पाणी घाला.

प्रत्येक डोसचे तीन फ्लास्क, कंट्रोलचे सहा, एकूण एकवीस. तांबं घालून दोन तास तसंच ठेवा, म्हणजे ते पाण्यातल्या द्रव्यांशी स्थिरावतं. मग पेशी सोडा, दर मिलिलिटरला १०,००० अशा बेतानं. सुरुवातीला जास्त पेशी टाकल्या तर त्या आपापसांत तांबं वाटून घेतात, दर पेशीचा वाटा कमी होतो आणि परिणाम सौम्य दिसतो.

सहावी पायरी: शुक्रवार ते सोमवार

चाचणी ७२ तासांची. पुण्यात ती शुक्रवारी सकाळी सुरू करावी, म्हणजे सोमवारी सकाळी संपते आणि मधे गुरुवार येत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की एसी बंद, दिवे बंद, आणि खोली एप्रिलात पस्तिशीच्या वर. तापमान २५ अंश, दोन इकडेतिकडे. पांढऱ्या एलईडी ट्यूबखाली बारा तास उजेड, बारा तास अंधार. फ्लास्क दिवसातून दोनदा हातानं घोळवायचे आणि प्रत्येक वेळी जागा बदलायच्या, कारण ट्यूबच्या मधोमध उजेड जास्त आणि टोकांना कमी. रविवारी महाविद्यालयाच्या पहारेकऱ्यांना आधी सांगून किल्लीची सोय करा.

दररोज ठरलेल्या वेळी एक मिलिलिटर नमुना काढून त्यात लुगॉल आयोडीनचा एक थेंब टाका. पेशी थांबतात, तपकिरी होतात, मोजता येतात. सुरुवातीला आणि शेवटी पीएच मोजा. दाट वाढलेल्या कंट्रोलचा पीएच चढतो आणि तांब्याचं वागणं बदलतं. फरक एकापेक्षा जास्त नसावा.

सातवी पायरी: मोजणी आणि हिशेब

न्यूबॉअर हिमोसायटोमीटरच्या एका मोठ्या चौकोनात ०.१ मायक्रोलिटर मावतं, म्हणून चौकोनातल्या सरासरी पेशी गुणिले १०,००० म्हणजे दर मिलिलिटर पेशी. इथे एक अडचण आहे. तुमची सुरुवातच १०,००० ची आहे, म्हणजे चौकोनात सरासरी एक पेशी. अशा मोजणीला अर्थ नाही. सुरुवातीची संख्या दाट कल्चर मोजून, पातळ करण्याच्या हिशेबानं काढा, किंवा एक मिलिलिटर मावणारी सेजविक-राफ्टर पट्टी वापरा. मोजणाऱ्याला कोणता फ्लास्क कुठल्या डोसचा ते माहीत नसावं. फ्लास्कांना क्रमांक द्या, यादी दुसऱ्याकडे ठेवा.

हिशेबासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कंट्रोल १०,००० वरून तीन दिवसांत १,८०,००० झाला. अठरापट. अठराचा नैसर्गिक लॉग २.८९, भागिले तीन दिवस, वाढीचा दर दिवसाला ०.९६. एका डोसमध्ये १०,००० चे ६०,००० झाले. सहाचा लॉग १.७९, भागिले तीन, दर ०.६०. घट ३८ टक्के. पेशींच्या संख्येची सरळ तुलना केली असती तर ६७ टक्के घट दिसली असती. दोन्ही आकडे खरे आहेत, पण त्यांचा अर्थ एक नाही, आणि अहवालात कोणता दिला ते लिहिलंच पाहिजे. मी दर देतो, कारण तो चाचणी किती दिवस चालली यावर कमी अवलंबून असतो.

समुद्री डायटमवरच्या आयएसओ १०२५३ या प्रमाणित चाचणीत कंट्रोलचा दर दिवसाला किमान ०.९ असावा लागतो. टेट्रासेल्मिसलाही मी साधारण हीच पट्टी लावतो. कंट्रोल तिथे पोचला नाही तर बाकी फ्लास्कांचे आकडे कितीही सुबक असोत, ती फेरी रद्द. आमच्या त्या तीन आठवड्यांत तेच झालं होतं. विद्यार्थिनीनं मात्र ती पानं फाडली नाहीत, प्रबंधात परिशिष्ट म्हणून जोडली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्वाधिक प्रश्न त्याच पानांवर विचारले आणि तिला उत्तरं येत होती.

आडव्या अक्षावर डोसचा लॉग, उभ्यावर घटीची टक्केवारी मांडा. पन्नास टक्क्यांना जो डोस येतो तो ईसी-५०. तो एकटा देऊ नका, विश्वासपट्टा (खरा आकडा ज्या मर्यादांत असावा त्या) सोबत हवा. कधी सगळ्यात कमी डोसमध्ये वाढ कंट्रोलपेक्षा थोडी जास्त दिसते. ती चूक समजून खोडू नका, तांबं पोषकही आहे हे आठवा.

उल्व्हाच्या चकत्या

पानाच्या मधल्या भागातून एक सेंटिमीटरच्या चकत्या कापा. रबराच्या बुचांना भोकं पाडायचं हत्यार बऱ्याचदा पितळेचं असतं, ते वापरू नका. प्लास्टिकची जाड नळी धार करून घेतली की काम होतं. एका फ्लास्कात पाच चकत्या, तेच डोस, चार दिवस.

उल्व्हा फसवते. पान कापलं गेलं की दोन-तीन दिवसांत काही पेशी बीजाणू करून सोडून देतात. कड आधी ऑलिव्हसारखी मळकट होते आणि मग पांढरी, कागदासारखी. हे तांब्यानं रंग उडाल्यासारखंच दिसतं. सूक्ष्मदर्शकाखाली फरक कळतो: बीजाणू सोडलेल्या पेशी अगदी रिकाम्या, भिंत शाबूत आणि तिला एक बारीक छिद्र. तांब्यानं मेलेल्या पेशीत हरितलवकाचा आक्रसलेला पिवळट गोळा शिल्लक असतो. कंट्रोलच्या चकत्यांच्या कडा पांढऱ्या झाल्या तर दुसऱ्या पानांवरून पुन्हा सुरुवात करा.

चकत्यांचं हरितद्रव्य काढायला खलात थोड्या स्वच्छ वाळूबरोबर ९० टक्के अॅसिटोनमध्ये वाटा, रात्रभर फ्रीजमध्ये अंधारात ठेवा, सेंट्रिफ्यूज करा. काचेचा क्युव्हेट वापरा, साधा प्लास्टिकचा अॅसिटोननं धुरकटतो. ७५० नॅनोमीटरचं वाचन गढूळपणा म्हणून बाकीच्या वाचनांतून वजा करा. हिरव्या शेवाळासाठी जेफ्री आणि हम्फ्री यांची १९७५ ची सूत्रं आहेत:

क्लोरोफिल-ए = (११.९३ × ६६४ चं वाचन) − (१.९३ × ६४७ चं वाचन)

क्लोरोफिल-बी = (२०.३६ × ६४७ चं वाचन) − (५.५० × ६६४ चं वाचन)

उत्तर अर्काच्या दर मिलिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये येतं. त्याला अर्काच्या आकारमानानं गुणून चकत्यांच्या क्षेत्रफळानं भागा.

धातू किती गेला ते मोजणं

पाण्यातलं तांबं चाचणीच्या सुरुवातीला आणि शेवटी मोजलं नाही तर तुमच्याकडे फक्त लेबलवरचा डोस असतो. धातू मोजणाऱ्या साध्या ज्वालेच्या एएएस यंत्राला इतकं कमी तांबं खाऱ्या पाण्यात नीट दिसत नाही, क्षार आड येतात. ग्राफाइट भट्टीचं एएएस किंवा आयसीपी-एमएस हे त्याहून संवेदनशील यंत्र हवं, आणि त्यासाठीही क्षारांची तयारी आधी विचारून घ्यावी. पुण्यात पैसे भरून अशी तपासणी करून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. सगळे एकवीस नमुने परवडत नसतील तर प्रत्येक डोसचा एक तरी द्या.

उल्व्हाच्या ऊतीतलं तांबं त्यामानानं सोपं. चकत्या ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, अर्धा ग्रॅम पूड संहत नायट्रिक आम्लात धुराड्याच्या कपाटात शिजवा, ५० मिलिलिटर करा. यंत्राचं वाचन (मिलिग्रॅम प्रति लिटर) गुणिले १०० म्हणजे दर ग्रॅम कोरड्या वजनामागे मायक्रोग्रॅम. निम्म्या चकत्या वाळवण्याआधी १० मिलिमोलर ईडीटीएच्या समुद्री पाण्यात दहा मिनिटं धुवा. त्यात निघून जातो तो पृष्ठभागावर चिकटलेला धातू, उरतो तो आत गेलेला. माध्यमातून हाकललेला ईडीटीए इथे असा उपयोगी पडतो.

उरलेलं पाणी

हातमोजे काढायच्या आधी हे करायचं. सगळं पाणी, धुण्याचं पहिलं पाणीसुद्धा, झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये जमा करा, वर तारीख आणि "तांबं असलेलं पाणी" असं लिहा. चुन्यानं पीएच नऊच्या वर नेला की तांबं निळसर साका होऊन खाली बसतं, तो साका वाळवून महाविद्यालयाच्या घातक कचऱ्याबरोबर द्या. अशा कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावण्याचं केंद्र रांजणगावला आहे. तुमच्या संस्थेची नोंदणी नसेल तर ज्या संस्थेची आहे तिच्याकडे द्या. जिवंत कल्चरही बेसिनमध्ये ओतू नका, आधी उकळा.

एकवीस फ्लास्कांतलं तांबं मोजलं तर सगळं मिळून अर्धा मिलिग्रॅमही भरत नाही. स्टॉकच्या त्या छोट्या बाटलीत मात्र १०० मिलिग्रॅम असतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत ती रिकामी केली तर अख्ख्या टाकीचं पाणी लिटरला १०० मायक्रोग्रॅमवर जाईल, म्हणजे आपल्या चाचणीतल्या मधल्या डोसाइतकं. स्टॉक १०० मिलिलिटरचाच करायला सांगितला तो यासाठी. प्रयोग संपल्यावर ती बाटली कपाटात विसरू नका, पुढच्या गटाच्या हातात, लेबलसकट, सही घेऊन द्या.